रबराचं काय असतं, काका

पावतीवर लिहिलंय : ‘खेळणं, टेपवालं. बंद. चेकिंग 100 रु.’ गिऱ्हाइकाचं नाव : ‘काका’. तारीख गेल्या शनिवारची. पावती अजून पाकिटात आहे. टाकून दिली तर राग कशाकडे बघून करायचा?

खेळणं म्हणजे माझा वॉकमन. सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये 1979च्या जुलैत आला. माझा त्याचा लांबचा, लग्नाचं बोलावणं चुकून राहावं इतका लांबचा नातेवाईक. 1991 साली बाबांनी मनीष मार्केटातून घासाघीस करून आणलेला. पण वनस्पती तुपाला आपण डालडाच म्हणतो ना, तसा हा वॉकमन. माळा आवरताना सापडला. सेल घातले, मोटर गुणगुणली, कॅसेट मात्र ढिम्म. मागचं झाकण उघडलं तर मोटर आणि फ्लायव्हील यांच्यामधला पट्टा गायब. म्हणजे होता तिथेच, पण त्याचं डांबर झालं होतं.

या पट्ट्यांच्या दोन जाती. साध्या रबराचा असेल तर सैल पडतो नाहीतर कडक होऊन तडकतो. पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षं विरघळत बसतो. नौपाड्यात जुलैमध्ये डब्यातला पापडसुद्धा मान टाकतो, तिथे या बिचाऱ्याने तीसेक पावसाळे काढले. ते डांबर साबणाने जात नाही, पसरतं. बोटं, चष्मा, सोफ्याचं कव्हर अशी त्याची यात्रा झाल्यावर बायकोने स्पिरिटची बाटली आणि जुनं बनियन माझ्यासमोर ठेवलं आणि एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

विरघळलेल्या पट्ट्याचं माप कसं घेणार? पुल्यांवरून दोरा फिरवला, मोजला, 240 मिलिमीटर भरला. पट्टा ताणून बसायला हवा म्हणून त्यातून पाच टक्के वजा, म्हणजे 228. हा आकडा कागदावर लिहून मी जांभळी नाक्याजवळच्या एका दुकानात गेलो. मिक्सर, इस्त्री, पंखे, सगळं दुरुस्त करून मिळेल अशी पाटी.

पुढे एक बाई मिक्सर घेऊन उभ्या. वय पासष्ट तरी, हातात भाजीची पिशवी.

“कशाचं रबर हो?”

“या टेपचा पट्टा. विरघळलाय.”

“काढून ठेवत नव्हतात का?”

“काय?”

“रबर! कुकरची रिंग कशी, काम झालं की काढायची, धुवायची, पुसायची, फ्रीजरमध्ये. आमची सात वर्षं चालली.”

“हा कुकर नाहीये.”

“नसू दे. रबराचं काय असतं, काका, वापरात राहिलं तर टिकतं. माझ्या गुडघ्याचं डॉक्टर हेच म्हणाले.”

काका! माझं वय एक्कावन्न. ही पदवी मला पहिल्यांदा ठाणे लोकलमध्ये मिळाली, चौथ्या सीटवर अर्धा लटकत असताना, “काका, जरा सरका” म्हणून. तेव्हा लागलं, पण तो मुलगा विशीतला होता. मग भाजीवाला, मग रिक्षावाला. सवय झाली. पण माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठ्या बाईने काका म्हणावं, याची तयारी कोणी करून घेतलेली नसते.

“नातवासाठी काढलंत का?”

“माझी मुलगी बारावीत आहे,” मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

“हो का? लग्नाला उशीर झाला वाटतं.”

इस्त्री घेऊन आलेला एक गृहस्थ आता पूर्ण वळून आमच्याकडे बघत होता. दुकानदारही. तेवढ्यात बाईंनी कोथिंबिरीच्या जुडीचं रबर सोडवलं, बोटाने ताणून बघितलं आणि दुकानदाराला दिलं. “हे लावून बघ रे.”

त्याने लावलं! मी 228 मिलिमीटरचा कागद हातात धरून उभा आणि तो कोथिंबिरीचं रबर लावतोय. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकायला हवी, ना कमी ना जास्त. जुडीच्या रबराची जाडी ठिकठिकाणी वेगळी, त्यामुळे प्रत्येक फेरीत वेग बदलतो. हे मी सांगत होतो, तोवर त्याने बटण दाबलंसुद्धा.

“अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग...” घोडबंदर रोडवरून रिक्षात बसून कोणी भाषण करावं तसा आवाज.

“चाललं की!” बाई म्हणाल्या. मग कान देऊन, “कोण रडतंय हा?”

“मी. नववीत. वक्तृत्व स्पर्धा.”

“नंबर आला होता?”

उत्तर द्यायच्या आत रबर उडून इस्त्रीवाल्याच्या शर्टाला लागलं. ते एक बरं झालं.

पट्टा मिळणार नाही, साहेब, हल्ली हे कोण वापरतं, नवीन काहीतरी घ्या, असं सांगून दुकानदाराने ती पावती फाडली. शंभर रुपये. कोथिंबिरीचं रबर लावून बघायचे! बाईंच्या मिक्सरचा कपलर बदलला, सुरीही घट्ट करून दिली, पण चेकिंग चार्ज नाही. का, तर मावशी नेहमीच्या. मी नेहमीचा कसा होणार? येईन तेव्हा ‘नवीन घ्या’ म्हणतात. पंखा नेला तेव्हा तेच, मिक्सर नेला तेव्हा तेच. पाटीवर मात्र ‘दुरुस्ती’ अजून तांबड्या अक्षरात आहे.

शेवटी वेगवेगळ्या मापांच्या पट्ट्यांचं पाकीट ऑनलाइन मागवलं. एक पट्टा, चौकोनी काटछेदाचा, चिमट्याने धरून पुलीवर चढवला. तीनदा निसटला, एकदा सोफ्याखाली गेला. चौथ्यांदा बसला. नेमका 228चा त्यात नव्हता, म्हणून 220चा घातला होता. अंमळ घट्ट. मोटरला जड जात असावं.

बटण दाबलं. आवाज आता अजिबात डुलत नव्हता, फक्त संथ आणि खर्जात गेला होता. मुलगी अभ्यास सोडून बाहेर आली. “हे कोण काका बोलतायत?”

मोटरच्या मागे वेग जुळवायचा बारीक स्क्रू असतो. जेवायची हाक दोनदा येऊन गेली, मी अजून तो फिरवतोय.