सोळावं पान: एका फुटबॉल लाइनमनच्या आईला उत्तर

ताई,

“ज्यांची शाळा दरवर्षी पहिल्या चारात बसते, त्यांनी सोळावं पान मांडायचं की नाही हे ठरवू नये.” तुमच्या प्रतिक्रियेतलं हे वाक्य मी घरी जेवताना वाचून दाखवलं. मुलगी म्हणाली, “बाबा, काकूंचं बरोबर आहे.” ती शाळेच्या बँडमध्ये स्नेअर ड्रम वाजवते, त्यामुळे फुटबॉलच्या बाबतीत घरात तिचं मत माझ्यापेक्षा जड आहे. म्हणून जिथे तुमचं बरोबर आहे तिथून सुरुवात करतो.

जे वाचक थेट इथे आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हायस्कूलच्या (अमेरिकन) फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, 2021 ते 2024 अशी चार वर्षं प्रत्येक रिजनमधून (विभागीय गटातून) 16 संघ घेत होते. 2025 पासून 12 घेतात, आणि त्यातल्या पहिल्या चारांना पहिल्या फेरीत बाय मिळतो, म्हणजे ते न खेळताच दुसऱ्या फेरीत जातात. मागच्या लेखात मी या कपातीचं, म्हणजे पंगतीतलं सोळावं पान उठल्याचं, स्वागत केलं होतं. ताईंचा मुलगा ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे समोरच्यांना अडवून आपल्या चेंडूवाल्याला वाट करून देणाऱ्या फळीत खेळतो. त्यांची शाळा 2024 मध्ये चौदाव्या सीडने, म्हणजे रिजनच्या क्रमवारीत चौदावी, आत गेली आणि पहिल्याच फेरीत मोठ्या फरकाने हरली. तरी त्या म्हणतात की ती रात्र त्यांच्या घरात अजून निघते, आणि माझ्यासारख्यांना ती मुलांकडून काढून घ्यायचा अधिकार नाही.

कबुली पहिली. “तीन सामने जिंकून प्लेऑफ म्हणजे नापासाला पेढे” असं मी लिहिलं होतं. ते वाक्य आगाऊ होतं. लाइनमनचं काम मला आता कुठे कळायला लागलंय. चेंडू त्याच्या हातात कधी येत नाही, स्पीकरवर त्याचं नाव पुकारतात ते बहुधा फाउल झाला तरच, आणि तरी ऑगस्टच्या उन्हात दोन-दोन सराव करून तो उभा असतो. त्याला नापास म्हणणारा मी कोण?

कबुली दुसरी. पहिल्या फेरीचे असे एकतर्फी सामने मी जिंकणाऱ्या बाजूच्या बाकांवरून पाहिले. पण त्या बाजूने जे दिसलं तेही सांगू द्या. पाहुण्यांचा बँड निम्मा आला होता. हाफटाइमनंतर समोरची बाकं रिकामी व्हायला लागली. दुसऱ्या हाफमध्ये 30 गुणांची आघाडी झाली की ओहायोत घड्याळ थांबवत नाहीत, तसंच झालं आणि उरलेला सामना उरकून टाकल्यासारखा संपला. आमच्या कोचनी तोवर दुसऱ्या फळीतली ताजी मुलं उतरवली होती. समोर मात्र पहिल्या क्वार्टरपासूनचीच मुलं होती, त्यातली काही तर ऑफेन्स आणि डिफेन्स दोन्हीकडे. लहान पटाच्या संघाला बदली खेळाडू आणायचे कुठून? मागच्या लेखात मी सुरक्षेचा मुद्दा काढला तो हे बघून. तुम्ही त्याला ढोंग म्हणालात. “हरल्याने मुलं मोडत नाहीत,” हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. दमलेल्या मुलावर ताजी फळी सोडली तर मात्र गुडघे मोडतात.

आता आकडे, कारण तुम्ही “चार पानांनी काय फरक पडतो” असं विचारलंय. ओहायोत सुमारे 700 शाळा फुटबॉल खेळतात. शाळांच्या आकारानुसार सात डिव्हिजन, प्रत्येकी चार रिजन, म्हणजे 28 रिजन. 16 च्या हिशेबाने 448 संघ आत. मोठ्या शाळांच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये तर शाळाच सुमारे 70, आणि त्यातल्या 64 पात्र! म्हणजे रिजनमधले दोन-तीन संघ सोडले तर सगळेच. पात्र ठरण्यापेक्षा अपात्र ठरणं अवघड अशी ही पात्रता. 1972 मध्ये प्लेऑफ सुरू झाले तेव्हा सगळ्या राज्यातून 12 संघ होते. आता एकेका रिजनमधून 12 येतात आणि त्याला आपण कपात म्हणतोय. पहिल्या फेरीचे सामने 224 वरून 112 वर आले. जे 112 गेले ते बहुतेक एक विरुद्ध सोळा, दोन विरुद्ध पंधरा अशा जातीचे. (तिकिटांचं गणितही त्यात आहेच. राज्य संघटना मुख्यतः स्पर्धांच्या तिकिटांवर चालते. त्यामुळे संख्या वाढवायची म्हटलं की मी आधी गेटकडे बघतो. हा माझा वाईट स्वभाव समजा.)

आणि पानं वाढवल्याने वरच्या टोकाला काही हललं का? 2021, 2022, 2023 अशी सलग तीन वर्षं पहिल्या डिव्हिजनचं विजेतेपद लेकवूडच्या सेंट एडवर्डकडेच गेलं. 2024 मध्ये ते ओलेंटांजी लिबर्टीला मिळालं. कोलंबसच्या उत्तरेला राहणाऱ्या आपल्या मंडळींना ती शाळा माहीत असेल, पण रिजनमधून आठच संघ घेतले असते तरी तो संघ बहुधा आत आलाच असता.

शेजारच्या इंडियाना राज्याचं उदाहरण तुम्ही दिलंत ते चांगलं आहे, मीच मागच्या वेळी टाळलं होतं. तिथे 1985 पासून सगळ्यांनाच घेतात आणि आभाळ कोसळलेलं नाही. पण तिथलं ताट वेगळं वाढलेलं असतं. नियमित मोसम नऊ सामन्यांचा, आपल्याकडे दहा. आणि तिथे सीड नाहीत, जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. त्यामुळे दुबळ्या संघासमोर दुबळा संघही येऊ शकतो आणि दोन बलाढ्य पहिल्याच आठवड्यात भिडू शकतात. आपण सोळा घेतले आणि वर सीडही ठेवले. म्हणजे शेवटच्याला बोलावलं आणि मुद्दाम सगळ्यात दांडग्याच्या पुढ्यात बसवलं. तुम्ही उद्या म्हणालात की सगळ्यांना घ्या, नऊ सामने करा आणि चिठ्ठ्या टाका, तर मी वाद घालीन, पण तो वेगळा वाद असेल.

तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा हार्बिन गुणांचा, म्हणजे प्लेऑफमध्ये कोण आणि कितव्या सीडने येणार हे ठरवणाऱ्या गुणांचा, आणि त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तुम्ही कुणाला हरवलंत आणि त्या संघाने मोसमात कुणाला हरवलं यावर हे गुण ठरतात. किती फरकाने जिंकलात याला किंमत नाही हे उत्तम. पण बलाढ्य संघाशी शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजून हरलात तरी हातात भोपळा. तुमच्या लीगमध्ये चार सामने जिंकणारा संघ शेजारच्या काउंटीतल्या सात जिंकणाऱ्यापेक्षा चांगला असू शकतो, हे खरंच. मग दुरुस्ती गुणांच्या पद्धतीत हवी. तराजू खोटा आहे म्हणून सगळ्यांनाच पोतं भरून दिलं, तर तराजू खोटा तो खोटाच राहिला.

मला खरी काळजी दहाव्या, म्हणजे नियमित मोसमाच्या शेवटच्या आठवड्याची आहे आणि ती मागच्या लेखात नीट मांडता आली नाही. मॅसिलॉन आणि कँटन मॅकिन्ली या ओहायोतल्या दोन शाळा 1894 पासून एकमेकांशी खेळताहेत. मॅसिलॉनमध्ये बाळ जन्मलं की बूस्टर क्लब (संघाला पाठबळ देणारं मंडळ) पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवतो, आपल्याकडे चांदीचा वाळा येतो तसा. त्या मॅसिलॉनला प्लेऑफमधून मिळणारं पहिलं राज्य विजेतेपद कधी मिळालं? 2023 मध्ये, म्हणजे प्लेऑफ सुरू झाल्यावर 51 वर्षांनी. त्या 51 वर्षांत गावाने स्टेडियम ओस पाडलं नाही, कारण मॅकिन्लीविरुद्धचा शुक्रवार किंवा शनिवार स्वतःच्या जिवावर उभा होता. आमच्या शाळेत मी उलट बघितलं. सोळाच्या काळात आमची जागा केव्हाच पक्की झालेली, म्हणून दहाव्या आठवड्यात, शेजारच्या गावाविरुद्ध, सिनियर नाइटला (शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या सन्मानाच्या रात्री), कोचनी क्वार्टरबॅकला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, हाफटाइमनंतर बसवून ठेवलं. “पुढच्या आठवड्यासाठी जपतोय.” मुलगी त्या रात्री फार चिडली होती, तिच्या बँडची ती मोठी रात्र होती आणि मैदानावर कुणाला घाई नव्हती. आता बायसाठी पहिल्या चारात यावं लागतं, घरच्या मैदानासाठी पहिल्या आठात, आत येण्यासाठी बारात. शेवटच्या आठवड्यात बहुतेकांना काहीतरी कमवायचं असतं.

बायचा तोटाही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीच सांगाल. बाय मिळाला की पहिल्या फेरीचा घरचा सामना जातो, त्याबरोबर बँडचा एक शुक्रवार आणि कन्सेशन स्टँडचा (खाण्यापिण्याच्या टपरीचा) गल्ला. आमच्या घरात त्यावरून माझ्यावर रोष आहे.

पण तुमच्या मुलाच्या रात्रीचं काय, हा प्रश्न उरतोच. मी साताऱ्याकडे शाळेत खो-खो खेळायचो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. हरलात की दप्तर उचलून घरी. आमचा संघ जिल्ह्याला पहिल्याच सामन्यात गारद झाला आणि मोसम संपला, आणखी एक सामना द्या असं म्हणायचं कुणाला सुचलंही नाही. तुम्हाला ते सुचतंय, हे चांगलंच आहे. म्हणून 2020 आठवा. कोविडमुळे नियमित मोसम सहा सामन्यांचा झाला, प्लेऑफ सगळ्यांना खुले केले, आणि जे हरले त्यांना एकूण दहा सामने होईपर्यंत आपसात खेळायची मुभा दिली. शाळांनी फोनाफोनी करून सामने जुळवले. तसंच आता का नको? बाराच्या बाहेर राहिलेल्या दोन शाळांना, दोघांची इच्छा असेल तर, अकरावा सामना खेळू द्या. तेरावा विरुद्ध चौदावा. बस, बँड, तिकीट, सगळं प्लेऑफसारखंच, आणि समोर बरोबरीचा संघ. तुमचा मुलगा चौथ्या क्वार्टरमध्ये घड्याळाकडे बघेल ते अजून किती वेळ हातात आहे हे बघायला.

हे दोन परिच्छेदांत लिहून मी आमच्या शाळेच्या क्रीडा संचालकांना पाठवलंय. तुम्ही तुमच्याकडे पाठवाल का? दोन शाळांकडून गेलं तर निदान कुणीतरी वाचेल. मूळ लेखातलं पेढ्यांचं वाक्य आज खोडलंय, खाली तशी नोंदही टाकली आहे. शीर्षक मात्र तसंच ठेवतोय, त्यावर तुमच्याशी अजून भांडायचं आहे.