टाकलं की सापडतं?

ग्रंथपाल आणि पीएचडी मार्गदर्शकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: प्रबंधाची पीडीएफ रिपॉझिटरीत, म्हणजे विद्यापीठाच्या ऑनलाइन संग्रहात, एकदा चढवली की गुगल ती आपोआप शोधतं. पीडीएफमधलं सगळं त्याला वाचता येतं, म्हणून मेटाडेटाचे, म्हणजे शीर्षक, लेखक, वर्ष अशा माहितीचे, रकाने भरत बसणं ही निव्वळ कारकुनी. आणि मराठी प्रबंध तसेही कोण वाचतंय? मला हा मजकूर चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांचे प्रबंध मीच चढवलेत.

त्यात एक गोष्ट खरी आहे. वाचक रिपॉझिटरीच्या मुख्य पानावरून येत नाही, शोधयंत्रातूनच येतो. पण मग शोधयंत्राला काय लागतं हे तरी बघायला नको का?

‘आपोआप शोधतं’ हे घ्या. गुगल स्कॉलरने, म्हणजे गुगलच्या संशोधनासाठीच्या शोधयंत्राने, रिपॉझिटरी चालवणाऱ्यांसाठी लेखी सूचना देऊन ठेवल्यात. शीर्षक, लेखक, वर्ष, पीडीएफचा पत्ता हे सगळं पानाच्या कोडमध्ये ठरावीक नावांच्या टॅगमध्ये, म्हणजे यंत्रासाठीच्या खुणांमध्ये, हवं. डब्लिन कोअर हा ग्रंथालयांचा लाडका मेटाडेटाचा साचा चालतो, पण अगदीच नाइलाज असेल तर. फाईल 5 एमबीच्या आत हवी. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या ग्रंथालयातले केनिंग आर्लिच आणि पॅट्रिक ओब्रायन यांनी 2012 मध्ये हेच दाखवून दिलं: त्यांच्या रिपॉझिटरीतले लेख स्कॉलरमध्ये जवळपास दिसतच नव्हते. निवडक लेखांचा मेटाडेटा स्कॉलरला हव्या त्या साच्यात बसवल्यावर ते दिसू लागले. लेख तेच होते.

आता ‘कारकुनी’. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रिपॉझिटरी चालवायला डीस्पेस हे सॉफ्टवेअर आहे, देशभरातल्या प्रबंधांचा संग्रह असलेली इन्फ्लिबनेटची शोधगंगाही त्यावरच चालते. डीस्पेस हे टॅग स्वतः तयार करतं, पण कशातून? आपण भरलेल्या रकान्यांतून. रकाना रिकामा, तर टॅग रिकामा. 1987 च्या प्रबंधाला चढवल्याची तारीख दिली, तर वर्ष लावून शोधणाऱ्याला तो कधीच भेटणार नाही.

‘पीडीएफमधलं सगळं वाचता येतं’ हे वाचून मला खरंच हसू आलं. जुने प्रबंध स्कॅन केलेले असतात, म्हणजे पानांचे फोटो. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, केलं नाही तर त्यात वाचायला एक अक्षर नाही. टाईप केलेल्यांची गत आणखी गमतीची. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधी विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या डीटीपीवाल्याकडे कृतिदेव, श्रीलिपी, नाहीतर आयएसएमचे फॉन्ट असायचे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर झकास मराठी दिसतो. आत मात्र पाच इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात: ई, जे, के, बी, एच. फॉन्टने त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो, एवढंच. यंत्राला मुखवटा दिसत नाही. खात्री करायची तर प्रबंधातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफचीही हीच परीक्षा घ्या, कारण तिथेही कधीकधी पहिली वेलांटी जागा सोडून भलतीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात.

अशा प्रबंधाचा आधार उरतो तो फक्त मेटाडेटा, आणि नेमका तिथेच आपण रोमन लिपीत घोळ घालतो. ‘ग्रामीण’ कुणी आय घालून लिहितं, कुणी दोन ई घालून. विद्यार्थी ‘ग्रामीण कादंबरी’ असं देवनागरीत शोधतो आणि रिपॉझिटरीची स्वतःची शोधपेटी त्याला शून्य निकाल दाखवते. डीस्पेसमध्ये पर्यायी शीर्षकाचा रकाना असतो. मूळ शीर्षक देवनागरीत आणि त्या रकान्यात रोमन, किंवा उलट, भरायला दोन मिनिटं लागतात. मराठी सारांश त्याच पानावर मजकूर म्हणून टाकला तर पीडीएफ मुकी असली तरी पान बोलतं.

प्रकरणागणिक वेगळ्या फायली असतील, तर आणखी एक गोष्ट. वाचक गुगलवरून थेट तिसऱ्या प्रकरणात येऊन पडतो आणि तिथे ना शीर्षक, ना संशोधकाचं नाव. हे तो कुणाच्या नावावर उद्धृत करणार? प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर नाव, शीर्षक आणि हँडल, म्हणजे त्या नोंदीचा कायमचा पत्ता, छापला की भागतं.

राहिला ‘कोण वाचतंय’ हा सवाल. यूजीसीने 2009 च्या नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणं आवश्यक केलं, आणि तेव्हापासून प्रबंध चढतायत. डाउनलोडचा आकडा शून्य असेल, तर त्यावरून वाचक नाहीत असं ठरत नाही. त्यांना वाट सापडली नाही, असंही असू शकतं.

हा मजकूर पाठवणाऱ्या त्या दोघांपैकी एकांचा प्रबंध कृतिदेवमधला निघाला. युनिकोडमध्ये बदलून देते, मूळ फाईल पाठवा, असं त्यांना कळवलं. त्यांच्याकडे ती सीडीवर आहे म्हणे. सीडी चालेल असा संगणक आमच्या विभागात एकच उरलाय, नियतकालिकांच्या टेबलाखाली. सोमवारी या म्हटलंय.