इक्सी केली म्हणजे गर्भ राहिलाच, असं नाही

‘इक्सीमध्ये सर्वांत निरोगी शुक्राणू निवडून थेट स्त्रीबीजात सोडतात. गर्भ हमखास राहतो, बाळात दोष येत नाही. म्हणून साध्या आयव्हीएफऐवजी सगळ्यांनी इक्सीच करावी,’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. (साध्या आयव्हीएफमध्ये प्रयोगशाळेत स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र ठेवतात, शुक्राणू स्वतःच बीजात शिरतो.) मुलासाठी शरीर आणि पैसा दोन्ही पणाला लावलेल्या जोडप्यांची त्यात दिशाभूल होते, म्हणून हे उत्तर.

‘सर्वांत निरोगी शुक्राणू.’ सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो शुक्राणूचा आकार आणि त्याची हालचाल. आतला डीएनए धड आहे का, हे दिसत नाही. रंग देऊन तपासावं, तर तो शुक्राणू वापरता येत नाही.

‘गर्भ हमखास.’ जेमतेम 0.1 मिलिमीटरचं स्त्रीबीज एका बाजूने पिपेटने, म्हणजे बारीक नळीने, हलकंसं ओढून धरलेलं असतं. शेपटी दाबून शुक्राणू आधीच निश्चल केलेला असतो. बीजाला चिकटलेला बारीक ध्रुवपिंड घड्याळातल्या 12 किंवा 6 वर ठेवतात आणि सुई 3 वरून घालतात. गुणसूत्रं सहसा ध्रुवपिंडाजवळ असतात, त्यांना धक्का लागू नये म्हणून. बीजाचं आतलं आवरण इतकं लवचिक असतं की ते सुईबरोबर ताणत जातं. थोडा पेशीद्रव सुईत ओढला की ते फुटतं, आणि मगच शुक्राणू आत जातो. एम्ब्रियॉलॉजिस्टचा, म्हणजे हे काम करणाऱ्या भ्रूणतज्ज्ञाचा, हात कितीही बसलेला असो, काही बीजं यात दगावतात, काहींचं फलन होत नाही. फलन झालं का, ते 16 ते 18 तासांनी दोन केंद्रकं दिसल्यावर कळतं. पुढे भ्रूणाची वाढ आणि त्याचं गर्भाशयात रुजणं यावर सुईचा काही इलाज नाही. वयाने उतरलेला बीजाचा दर्जाही ती सुधारत नाही.

‘सगळ्यांनी इक्सीच.’ इक्सीतून राहिलेल्या पहिल्या गर्भधारणांची माहिती 1992मध्ये ब्रुसेल्सच्या पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी दिली. शुक्राणू अगदी कमी असलेल्या पुरुषांसाठी हे खरोखर वरदान ठरलं. पण शुक्राणूंची संख्या आणि हालचाल चांगली असेल तर? व्हिएतनाममध्ये अशा 1,064 जोडप्यांवर झालेली चाचणी 2021मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आली. जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण इक्सीत 35 टक्के, साध्या आयव्हीएफमध्ये 31. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

‘दोष येत नाही.’ उलट, वाय गुणसूत्राचा तुकडा गळाल्यामुळे वडिलांचे शुक्राणू कमी असतील, तर इक्सीतून झालेल्या मुलग्याकडे तेच गुणसूत्र जातं. म्हणूनच शुक्राणू फारच कमी असतील तेव्हा इक्सीआधी जनुकीय तपासणी सुचवतात.