हरलेल्या टीमच्या कोचचा फैसला त्याच रात्री करू नका

फायनल हरली की रात्री दहाच्या आत नावं ठरलेली असतात. कॅच सोडणारा एक, रनआऊट झालेला एक, आणि कोच. या तिघांवर दोन दिवस पोस्टींचा मारा चालतो, मग 'कोच बदला' सुरू होतं. स्कोअरबुक मात्र कोणी उघडत नाही. हे जिल्ह्याच्या टीमचं होतं, कॉलेजच्या टीमचं होतं आणि रणजी टीमचंही होतं. नागपूरकरांनी तरी यात पडू नये, कारण दुसऱ्यांनी हरल्यावर सोडलेल्या माणसाला जवळ केल्याचा फायदा आपल्याइतका क्वचितच कुणाला झाला असेल.

चंद्रकांत पंडित कोच असताना मुंबईने 2015-16 चा रणजी करंडक जिंकला. पुढच्या मोसमात मुंबई पुन्हा फायनलला गेली आणि जानेवारी 2017 मध्ये इंदूरला गुजरातकडून हरली. सलग दोन फायनल, त्यातली एक जिंकलेली, तरी त्यांचा करार वाढवला गेला नाही. विदर्भाने त्यांना बोलावून घेतलं. 1 जानेवारी 2018 ला त्याच इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला 9 विकेटने हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली आणि पुढच्या मोसमात नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमवर सौराष्ट्राला हरवून ती राखली.

मग हरायची पाळी आपली आली. मार्च 2024, वानखेडेवर रणजीची फायनल. मुंबईच्या 224 ला उत्तर देताना विदर्भाचा पहिला डाव 105 वर आटोपला. मॅच तिथेच हातातून गेली. पुढे 538 चं लक्ष्य असताना करुण नायरने 74 काढले, अक्षय वाडकरने शतक ठोकलं, हर्ष दुबेने 65 जोडले आणि टीम 368 पर्यंत गेली. हार 169 धावांची. नुसता 105 चा आकडा पुढे करून कॅप्टन वाडकर आणि कोच उस्मान गनी या दोघांनाही घरी बसवता आलं असतं. तसं झालं नाही. जानेवारी 2025 मध्ये विजय हजारे या एकदिवसीय स्पर्धेची फायनल कर्नाटककडून 36 धावांनी गेली, तेव्हाही घडी मोडली नाही. 2 मार्च 2025 ला जामठ्यावर केरळविरुद्धची फायनल अनिर्णित राहिली आणि पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर तिसरी रणजी आली. दुबेच्या त्या मोसमात 69 विकेट झाल्या, रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम आहे. कोच ठेवला म्हणूनच जिंकले असं मी म्हणत नाही. पण 105 कसे झाले हे ड्रेसिंग रूममधून ज्यांनी पाहिलं होतं, तेच पुढच्या मोसमाची तयारी करून घेत होते, आणि ही माहिती नव्या माणसाला कागदावरून मिळत नाही.

कोचच्या हातात नेमकं काय असतं तेही बघा. टीम निवड समिती निवडते. कोच बैठकीत बसतो, बोलतो, पण बऱ्याच ठिकाणी शेवटचा शब्द त्याचा नसतो. विकेट, म्हणजे खेळपट्टी, क्युरेटर बनवतो. बॉलिंग कोणाला द्यायची आणि स्लिप (विकेटकीपरच्या बाजूचा फिल्डर) कधी काढायची हे मैदानात कॅप्टन ठरवतो. कोचकडे उरतो तो सराव, समोरच्या टीमचा अभ्यास आणि अंतिम अकरात त्याचं मत. त्याला धरायचं तर याच कामाचा जाब विचारा. 15 मार्च 2016 ला टी-20 वर्ल्ड कपमध्ये जामठ्यावर न्यूझीलंडने साऊदी आणि बोल्ट या दोन्ही मुख्य फास्ट बॉलरना बाहेर बसवून तीन स्पिनर खेळवले. 126 करूनही त्यांनी भारताला 79 मध्ये गुंडाळलं, दहापैकी नऊ विकेट त्या तीन स्पिनरच्या. खेळपट्टी वाचून अकरा जण ठरवणं याला म्हणतात, आणि हरल्यावर तपासायचं असतं ते हेच.

तपासायची पद्धतही साधी आहे. पहिल्या तासात कोणाचंही भाषण नको. पाणी, जेवण, दुखापतींची नोंद, आणि कोचने दोन मिनिटांत पुढच्या सरावाचा दिवस सांगावा. कोणाचंही नाव घेऊ नये. बैठक 48 तासांनंतर, स्कोअरबुक समोर ठेवून. वाइड आणि नो-बॉल किती, कोणत्या ओव्हरमध्ये? 25 च्या वरच्या भागीदाऱ्या किती? शेवटच्या दहा ओव्हरमध्ये डॉट बॉल, म्हणजे एकही धाव न निघालेले चेंडू, किती? मुख्य बॉलरने मॅचच्या आधीच्या तीन दिवसांत नेटमध्ये किती ओव्हर टाकल्या? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं, आणि दुसऱ्या स्पेलमध्ये त्याचा वेग का पडला ते तिथेच असतं. कबड्डीत रेड-शीट, म्हणजे चढायांची नोंद, काढा: किती रेड रिकाम्या गेल्या, डू-ऑर-डाय रेडला (जिथे गुण आणला नाही तर रेडर बाद) कोण गेला, ऑल-आउट (अख्खी टीम बाद) कितव्या मिनिटाला बसला. शेवटची रेड फसलेल्या पोराला शिव्या पडतात, पण बऱ्याचदा मॅच पहिल्या हाफमधल्या ऑल-आउटलाच गेलेली असते.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो अंडर-14, अंडर-16 च्या पोरांसाठी. स्लिपमध्ये कॅच सुटली की पुढच्या मॅचला पोरगा लांब सीमेजवळ, फाइन लेगला. तिथे आठवडाभर कॅच येत नाही, भीती मात्र वाढते. आधी कॅच का सुटली ते बघा. आपल्याकडच्या संथ खेळपट्टीवर मीडियम पेसरला स्लिप फार मागे उभी केली तर चेंडू पोचतच नाही, आणि पुढे ओढली तर हात हलवायला अर्धा सेकंदही मिळत नाही. पोरगा टाचांवर उभा असतो, हात कडक असतात, डोकं मागे जातं. दुसऱ्या दिवशी त्याला आठ-दहा पावलांवरून टेनिस बॉलने वीस-तीस कॅच द्या, अंडरआर्म. मग लेदर बॉल, मग बॅटची कड लावून. आणि पुढच्या मॅचला त्याच जागेवर उभा करा. पालकांनी गाडीवर बसल्या बसल्या कॅचचा विषय काढू नये, पोराला आधी जेवू द्यावं.

कोच खरंच बदलायचा असेल तर बदला, त्यात गैर काहीच नाही. पण मोसम संपल्यावर, स्कोअरबुकचा हिशेब झाल्यावर. आधी त्याला समोर बसवून कारण सांगा. ग्रुपवरच्या मेसेजमधून त्याला ते कळता कामा नये. थकलेलं मानधन त्याच महिन्यात द्या, आणि त्याच्याकडून रजिस्टर ताब्यात घ्या: कोणाच्या खांद्याला काय झालंय, कोणाची रनअप बदलत होती, कोणत्या पोराला किती ओव्हर चालतात. नवा कोच आला की पहिल्या दिवशी ते त्याच्या हातात पडलं पाहिजे.