हॉर्टाला हसण्याआधी घोणस अळी बघा

गेल्या आठवड्यात एक मेसेज आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला, घरच्या ग्रुपवर भाच्यानंही टाकला. जुन्या विज्ञान मालिकांतल्या परग्रहवासीयांचे फोटो आणि खाली चार दावे. एक, असले बिनपायांचे, गोळ्यासारखे जीव निसर्गात असूच शकत नाहीत. दोन, ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतल्या डब्यासारख्या डालेकला जिना चढता येत नाही, म्हणजे बनवणाऱ्यांनी डोकंच चालवलेलं नाही. तीन, बाकीचे सगळे म्हणजे कपाळाला गाठी चिकटवलेली माणसं, निव्वळ आळस. चार, ही पाश्चात्त्यांची खुळं, आपल्याकडे असलं काही नव्हतं. मी अंबाजोगाईत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पोरं हे वाचून वर्गात येतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

पहिला फोटो हॉर्टाचा. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ मालिकेच्या १९६७ सालच्या एका भागात हा जीव येतो. खडबडीत दगडी पाठ, पाय दिसत नाहीत, आम्लानं खडक विरघळवत खाणीत बोगदे पाडत जातो. तो पोशाख यानोश प्रोहास्का या कलावंतानं बनवला आणि तोच आत शिरून रांगला. मेसेजवाला म्हणतो, हा चालता गालिचा आहे, पायांशिवाय एवढं जाड धूड सरकणार कसं?

२०२२ चा सप्टेंबर आठवा. बीड-लातूरकडं उसात आणि बांधावरच्या गवतात घोणस अळी निघाली होती. ‘चावली की माणूस मरतो’ असे मेसेज तेव्हाही असेच फिरले. ती चावत नाही, काटे टोचतात. आग भयंकर होते, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं, पण ती साप नव्हे. माझ्या पुतण्यानं एक अळी पानासकट बरणीत घालून आणली. हिरवट अंग, दोन्ही कडांना काट्यांचे झुबके, डोकं आत ओढलेलं, त्यामुळं पुढची बाजू कुठली हेच कळेना. प्रयोगशाळेत चिमट्यानं तिला काचपट्टीवर ठेवलं आणि मुलांना खालून बघायला लावलं. एक मुलगी म्हणाली, “सर, हिला पायच नाहीत की. मग चालती कशी?”

काचेला चिकटलेलं तिचं मऊ पोट लाटेसारखं हलत होतं. मागून एक वळी उठायची, पुढं जाऊन विरायची, की दुसरी. पुढचे पाय अगदी बारीक, मागचे मांसल पाय नाहीतच, त्यांच्या जागी चिकटणारे भाग. वर काटेरी चिलखत, खाली गोगलगाईची चाल. हॉर्टा यापेक्षा फार वेगळा चालत नाही.

हॉर्टावर घ्यायचाच तर आक्षेप त्याच्या सिलिकॉनवर घ्या; त्याचं शरीर आपल्यासारखं कार्बनचं नाही, सिलिकॉनचं दाखवलंय. सिलिकॉन कार्बनसारखेच चार बंध करतो, म्हणून कल्पना सुचणं रास्त आहे. पण कार्बन ऑक्सिजनशी जोडला गेला की वायू होतो आणि आपण तो श्वासातून सोडतो. सिलिकॉनचा होतो सिलिका, म्हणजे वाळूच. हॉर्टानं श्वास सोडायचा म्हणजे वाळू ओकायची. हा प्रश्न त्या मालिकेनं सोडवला नाही. तरी त्या जीवामागं विचार नव्हता असं मी कुणाला म्हणू देणार नाही. खाणकामगार जे सिलिकॉनचे गोळे फोडत होते ती त्याची अंडी निघतात, आणि तोवर राक्षस वाटणारा जीव आई ठरतो. माणसाचा चेहरा असता तर आपण हे आधीच ओळखलं असतं.

‘असूच शकत नाही’ हे शब्द फार जपून वापरावेत. कॅनडाच्या खडकांत सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा ओपाबिनिया सापडला. पाच डोळे, तोंडापुढं सोंड, सोंडेच्या टोकाला चिमटा. १९७२ साली ऑक्सफर्डच्या सभेत हॅरी व्हिटिंग्टन यांनी त्याचं चित्र दाखवलं तेव्हा जमलेले जीवाश्मतज्ज्ञच हसले. प्राणी खरा होता.

डालेकचं उत्तर थोडक्यात देतो. ‘डॉक्टर हू’मध्ये १९६३ साली आलेला तो डबा हा जीव नाहीच, वाहन आहे. खरा जीव आत आहे, मऊ आणि विकृत झालेला. आत माणूस आहे हे ओळखू येऊ नये म्हणून पाय मुद्दाम काढले. आणि १९८८ च्या भागात डालेक तरंगत जिना चढून गेलाही.

एक फोटो मात्र मेसेजवाल्याचा बरोबर आहे. ‘डॉक्टर हू’मधल्याच १९६५ सालच्या माणसाएवढ्या मुंग्या, झार्बी. मुंगीची उंची शंभरपट केली तर वजन दहा लाखपट होतं, पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ दहा हजारपटच. ते पाय मोडणार. शिवाय मुंगी अंगावरच्या छिद्रांतून, बारीक नळ्यांनी हवा घेते, एवढ्या देहात ती आतवर पोचणार नाही. त्यात पोशाखाखाली माणसांचे पाय दिसतात. इथं माझी तक्रार नाही.

‘आपल्याकडं नव्हतं’ म्हणणाऱ्यानं एकदा वेरूळला जावं. पंधराव्या लेण्यात नरसिंह आहे, सोळाव्यात कैलास हलवणारा अनेक मुखांचा, अनेक हातांचा रावण. या जगापलीकडचं काही दाखवायचं तर माणसाचा देह घ्यायचा आणि त्यात मोजका बदल करायचा, म्हणजे बघणाऱ्याला राग, भक्ती, वेदना वाचता येते. आपल्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं.

कपाळाच्या गाठींचंही तेच. नट हाडामांसाचा, दर आठवड्याला नवा भाग दाखवायचा, आणि डोळे-ओठ झाकले तर अभिनय संपला. म्हणून बदल कपाळावर. त्याला आळस म्हणणं त्या रंगभूषाकारांवर अन्याय आहे. पण विज्ञान म्हणून विचाराल तर या जीवांबद्दल शंका घ्यायलाच हवी. १९९३ च्या एका भागात ‘स्टार ट्रेक’नं खुलासा केला की एका प्राचीन जमातीनं अनेक ग्रहांवर बीज पेरलं, म्हणून सगळे आपल्यासारखे. मला तो पटत नाही. अब्जावधी वर्षांची उत्क्रांती असं आधी ठरवून दिलेलं गाव गाठत नाही.

आणि मग स्पॉक, ‘स्टार ट्रेक’मधला अर्धा माणूस, अर्धा परग्रहवासी. त्याचं हिरवं रक्त तांब्यावर चालतं, हे ठीक आहे. आपल्या ओढ्यातल्या खेकड्याचंही तसंच चालतं, फक्त ते हिरवं नाही, निळसर दिसतं. अडचण पुढं आहे. गाय आणि म्हैस एकाच गोठ्यात, एकाच दावणीला पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत, एकाच ग्रहावर एकाच पूर्वजापासून आल्या आहेत, तरी त्यांचा संकर होत नाही. स्पॉकची आई पृथ्वीवरची आणि वडील व्हल्कन ग्रहावरचे. मेसेजमधल्या फोटोंत स्पॉक नाही.