पाव शेव आणि पावकी

फरसाण आणि पाव एकाच गल्ल्यावर विकणाऱ्या जळगावच्या दुकानात कोणी "पाव शेव द्या" म्हणू नये. मी काल म्हटलं. दुकानदाराने लादीतले सहा पाव तोडले, कागदात मूठभर शेव बांधली आणि पैसे कापून घेतले.

"भाऊ, पाव किलो शेव म्हटलं."

"मग किलो म्हना ना!"

बाकड्यावर एक आबा बशीतला चहा फुंकत होते. त्यांना आयताच विषय मिळाला. "तुले पावकी, चौथाईचा पाढा, येस का?"

"नाही."

"मंग तू पाव मांगस कसा?" असं म्हणून त्यांनी खड्या आवाजात सुरू केलं. पावकी झाली, निमकी झाली, पाउणकी, सवायकी, दिडकी! अडीचकीपर्यंत गिऱ्हाइकांचा घोळका जमला. मग बोट माझ्याकडे. "सांग, तेरा पाव कितला?"

"सव्वातीन."

"आनि दुकानातला तेरा पाव?"

"तेराच."

"मंग गल्लत कसानी?"

लोक हसले. कुणाला सांगणार, की चौथाईचा पाव संस्कृत 'पाद'मधून आला, देव पावतो तो 'प्राप्'मधून, आणि खायचा पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरला? तिथे तो माडाची सूर, म्हणजे माडी, घालून फुगवत. सांगून पाहिलं. आबांनी ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाले, "पावली गई, पावकी गई, पाव मात्र राह्यना." पावली, म्हणजे पंचवीस पैशांचं नाणं, ३० जून २०११ पासून चलनातून गेलं, एवढं त्यांचं खरं.

खरा राग वेगळाच आहे. दुकानदार पुडा बांधून तोलतात. खरं तर रिकामा डबा काट्यावर ठेवायचा, टेअर, म्हणजे वजन शून्य करायचं बटण, दाबायचं, ०.००० दिसलं की माल टाकायचा आणि ०.२५० ला थांबायचं. कायद्याने तोल मालाचाच धरायचा, डब्याचा नाही. पण आपण खोक्याचे पैसे शेवेच्या भावाने देतो आणि वर "चिल्लर नाही" ऐकतो.

शेवभाजीला पाव किलो जाड तिखट शेव चौघांना पुरते. काळ्या मसाल्याच्या रश्शाला उकळी आली, गॅस बंद केला, पानं मांडली, की मगच ती टाकायची. आधी टाकली तर लगदा होतो. बारीक शेव तर पळीतच विरघळते.

पाव परत करायला गेलो तर "तोडलेली लादी घेत नाय." आणि कागदातली ती मूठभर शेव बारीकच निघाली.