बुरशी हा शुद्धतेचा दाखला नाही

"हाई खरं शे का भाऊ?" असं विचारत आमच्या शिवारातल्या एका तरुण शेतकऱ्याने परवा मला एक मेसेज पाठवला. नंदुरबार-शहाद्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर तो बरेच दिवस फिरतो आहे. मजकूर असा: "सेंद्रिय पिकाला बुरशी लागत नाही. लागलीच तर ट्रायकोडर्मा आणि मोरचूद एकत्र फवारा. गंधक रासायनिक आहे, वापरू नका. साठवलेल्या मालाला बुरशी आली तर तो विषमुक्त असल्याचा पुरावा समजा. ऊन दाखवा, पुसा, खा. मन मानत नसेल तर गुरांना घाला."

मी स्वतः सेंद्रिय मिरची आणि भुईमूग पिकवतो. म्हणूनच या मेसेजची मला जास्त काळजी वाटते.

"सेंद्रिय पिकाला बुरशी लागत नाही." लागते. शेणखतावर पोसलेलं झाड जास्त दम धरतं हे खरं, पण बुरशीला ओल आणि दमट हवा मिळाली की ती कोणत्याही रानात येते. आधी कोणती बुरशी ते ओळखा. भुरी, म्हणजे पानावर पांढऱ्या पिठासारखी येणारी बुरशी, हिला पानावर पाणी साचावं लागत नाही. मिरचीत ती पानाच्या खालून पांढरी दिसते, वरून नुसते पिवळे डाग, आणि लक्षात येईपर्यंत पानगळ सुरू झालेली असते. वेलींवरच्या केवडा नावाच्या बुरशीरोगाला मात्र पान तासन् तास ओलं लागतं. त्यामुळे गादीवाफा, ठिबक आणि दोन झाडांत वारा खेळेल एवढं अंतर हीच आपली पहिली फवारणी. रावेर-यावलच्या केळीबागांतही तेच. दाट लागवडीत करप्याची (पानं वाळवणाऱ्या बुरशीरोगाची) पानं वेळेवर कापून बागेबाहेर नेली नाहीत, तर वरून काहीही मारा, करपा हटत नाही. रासायनिक शेतीत रोग आल्यावर धावण्याची सवय असते. आपल्याला रोग यायच्या आधी जागं राहावं लागतं.

"ट्रायकोडर्मा आणि मोरचूद एकत्र." ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे, मित्रबुरशी. मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं क्षार, बुरशी मारतं. एका पंपात दोन्ही घालणं म्हणजे पैसे देऊन आणलेला मित्र आपणच मारणं. ट्रायकोडर्माची जागा मातीत आहे: किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम चोळा, किंवा ओलसर शेणखतात मिसळून सावलीत वाढू द्या आणि मग रानात टाका. मर (उभं झाड सुकणं) आणि मूळकूज रोखायला तो कामी येतो. बोर्डो मिश्रण वेगळं, पानांसाठी. १ टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवा, मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, ते पानं जाळेल. मिश्रण त्याच दिवशी संपवा. आणि ऊठसूट मारू नका, कारण तांबं मातीत साठत जातं. युरोपात सेंद्रिय शेतीलाही ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याचीच मुभा आहे.

"गंधक रासायनिक आहे." गंधक हे खनिज आहे आणि सेंद्रिय प्रमाणनात त्यावर बंदी नाही. भुरीवर ते जुनं, भरवशाचं औषध आहे. फक्त पारा ३५ अंशांकडे जाऊ लागला की ते पानं भाजतं, त्यामुळे आपल्याकडे मार्चपासून जपून. निंबोळी तेल मारलं असेल तर दोन आठवडे थांबा.

आता सगळ्यात घातक वाक्य: "बुरशी म्हणजे विषमुक्त असल्याचा पुरावा." भुईमूग, मका आणि मिरचीवर येणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी स्वतः विष तयार करते, अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर घाला घालतं आणि कर्करोगालाही कारण ठरतं. १९७४ साली आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानमधल्या बांसवाडा या आदिवासी जिल्ह्यांत अवकाळीत भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला. कावीळ झालेल्या ३९७ जणांपैकी १०६ दगावले. सातपुड्यातल्या आपल्या पाड्यांवर असतात तशीच ती घरं, तशाच मक्याच्या भाकरी. उन्हाने बुरशीची वाढ थांबते, तयार झालेलं विष सगळं जात नाही. तव्यावर, कढईतही ते पुरतं नष्ट होत नाही. वरची बुरशी पुसली तरी आत मुरलेलं राहतंच. प्रत्येक बुरशी विषारी नसते, पण कोणती विषारी हे डोळ्यांना कळत नाही.

म्हणून खरी लढाई वाळवणीत आहे. एका वर्षी पथारीवर मिरची असताना पाऊस आला. मी घाईने ताडपत्री टाकली आणि ऊन पडल्यावरही काढली नाही. खाली वाफ धरली, तिसऱ्या दिवशी देठाजवळ करडी बुरशी. तेव्हापासून रात्री दवासाठी झाकतो आणि दिवस वर येताच उघडतो. माल कोऱ्या मातीवर पसरत नाही, आणि सडका नग दिसला की लगेच वेचून काढतो. मिरचीत ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला पाहिजे. भुईमुगाची शेंग कानाशी हलवून खुळखुळली पाहिजे, आणि हुमणी अळीने पोखरलेल्या, कुदळीने फुटलेल्या शेंगा आधीच वेगळ्या. मक्यासाठी कोरड्या बाटलीत दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर दाणा अजून ओला आहे, पोतं भरू नका.

"गुरांना घाला." १९६० साली इंग्लंडमध्ये दूषित शेंगदाणा पेंडीने लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हाच हे विष पहिल्यांदा उजेडात आलं. दुभत्या गाईने ते खाल्लं तर एक-दोन दिवसांत त्याचा अंश दुधात उतरतो, म्हणजे ते पुन्हा लेकरांच्या पेल्यात. त्या तरुणाकडे पोतंभर अशा शेंगा होत्या, शेळ्यांसाठी ठेवलेल्या. मी त्याला सांगितलं: नाका-तोंडाला फडकं बांध, पोत्यासकट बांधाच्या पलीकडे खोल पुरून टाक, उकिरड्यात नको. काल त्याने खड्ड्याचा फोटो पाठवला.